बोअर नंबर सात, घणसोली

आज पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार.
पावणेचारला भरती.
"इकरं वर खारीन थोरी उशिरा," गोमादादा म्हणतो,
आणि तो थोडा उशीर किती ते सांगत नाही.
माझ्याकडे बंदराचा छापील तक्ता आहे.
तराफा सकाळपासून बसलाय चिखलात
उठायचं मनात नसलेल्या म्हशीसारखा.

पुलाच्या सातव्या खांबाखाली काय आहे
एवढंच मला लिहायचंय.
दीड दीड मीटरची नळी वर येते,
रमजान ती हातोडीने ठोकून रिकामी करतो
आणि मी लाकडी पेटीत कप्प्याकप्प्याने,
वरचं डावीकडे, खालचं उजवीकडे,
उभी जमीन आडवी निजवते.

शून्य ते दोन: भराव.
विटा, निळ्या टाइलचा कोपरा, अर्धी चप्पल.
चपलेसाठी रकाना नव्हता.

दोन ते नऊ: खाडीचा चिखल. काळा-राखी, शिंपल्यांसह.
अंगठा दाबला तर किती आत जातो
याची नोंद असते,
वासाची नसते.
गोमादादाने चिमूटभर घेऊन नाकाशी धरला
आणि पलीकडच्या इमारतींकडे बोट केलं:
तिथे त्याच्या बापाचं आगर होतं.
मीठ पाणी करत नाही, म्हणाला, हवा करते.
आभाळ खाली आलं, वारा पडला, अंगाला चिकचिक सुटली
की बांधातलं पाणी नुसतं बसून राही, पिकत नसे.
बाप तेव्हा कुणाशी बोलत नसे.
सात मीटर चिखल म्हणजे किती भरत्या
हे मी मनात मोजू पाहिलं.
रमजान म्हणाला, म्याडम, पुढची नळी.

नऊ ते बारा: मुरूम.
पिवळट. बोटांत चुरतो.
खडकही कुजतो, सावकाश,
झिरपत्या पाण्याने, बाहेरून आत.
माझे वडील तुर्भ्याच्या खाणीत सुरुंग भरायचे,
त्यांना हे कधी पटलं नाही.

बारापासून काळा पत्थर.
ठोकला की वाजतो.
त्यात भोकं, लाव्ह्यात कोंडून राहिलेल्या वायूची,
आणि भोकांत पांढरी सुयांची फुलं.
वडील असली फुलं डब्यात घालून आणायचे,
भाकरीच्या चुऱ्यातून मी ती वेचून काढायचे.
एक अजून आहे. कपाटाच्या दाराला टेकण म्हणून.

साडेचौदाला नळी न अडता खाली गेली.
रमजानने यंत्र बंद केलं.
वर आली ती माती. लाल,
वीतभर, भाजलेल्या विटेसारखी.

एक लाव्हा येऊन निवला होता.
दुसरा यायचा होता.
मधे कुणी घाई केली नाही.
ऊन पडलं, पाऊस पडला,
दगडाची माती झाली,
तिच्यात काहीतरी रुजलंही असेल,
ज्याला नाव ठेवायला कुणी नव्हतं.
मग दुसरा आला.
साडेसहा कोटी वर्षांच्या हिशेबात
ही वीत कुठे धरायची?

साहेबांना फोन लावला.
ते म्हणाले, कमजोर थर. खांब अठरापर्यंत न्या.
बरोबरच आहे. पूल उभा राहायला हवा.

रंग नीट दिसावा म्हणून मी तिच्यावर पाणी शिंपडलं.
ती गडद झाली आणि कडेने विरघळू लागली.
लिहिलं: लाल, मऊ, पाण्यात टिकत नाही.
लिहिलं: नमुना बत्तीस टक्के मिळाला.
म्हणजे उरलेली
यंत्राच्या पाण्याबरोबर वर आली
आणि खाडीत गेली, आमच्यादेखत.
तराफ्याच्या कडेला थोडा वेळ लालसर दिसलं.
गोमादादा वाकून बघत होता.
"ही माती आमचे इकरची नाय," म्हणाला.

तराफा कधीतरी उचलला गेला होता.
पाणी चढायचं थांबलं ते नेमकं किती वाजता,
त्याचं खरं झालं का तक्त्याचं,
मी घड्याळ पाहिलं नाही.